बर्फाळ नदीत उभं राहायचं, तर जॅकेट कसं निवडावं?

थंडीतल्या फ्लाय फिशिंगसाठी मी घेतलेलं पहिलं जॅकेट दिसायला फार देखणं होतं. मांडीपर्यंत लांब, जाडजूड, आत बदकाची पिसं ठासून भरलेली. दुकानात अंगात घातल्यावर दोन मिनिटांत कपाळावर घाम आला आणि मी मनाशी म्हटलं, हेच घ्यायचं. डिसेंबरातल्या एका शनिवारी ते घालून न्यूयॉर्क राज्यातल्या पुलास्कीच्या सॅमन नदीत उतरलो. पाणी मांडीला लागलं तशी जॅकेटची खालची बाजू परकरासारखी फुगून तरंगायला लागली. थोड्या वेळात तिथली पिसं भिजून त्यांचे गोळे झाले. दोरी ओढता ओढता डाव्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत पोचलं. नऊच्या सुमारास मी गाडीत हीटरसमोर हात धरून बसलो होतो आणि थर्मासचं झाकणसुद्धा मला उघडता येत नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत बऱ्याच सकाळी नदीत काढल्या आणि बरेच पैसेही घालवले. त्यातून कळलेलं इथे लिहितो आहे. अमेरिकेच्या ईशान्येला किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि हा नाद लागलेल्या मराठी माणसांची संख्या फार नसेल. पण जे आहेत ते हमखास माझ्यासारखीच पहिली चूक करतात.

आधी ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे गळ टाकताना शिसं लांब जातं आणि दोरी त्याच्या मागून जाते. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला वजन जवळपास नसतंच. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली चिमूटभर माशी असते ती. वजन असतं जाड दोरीला, आणि ती हवेत मागे-पुढे झुलवून पाण्यावर टाकायची. म्हणजे एक हात सतत वर आणि दुसरा हात सतत ओली दोरी खेचत असतो. जॅकेट निवडताना ही हातांची हालचाल शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

आता नदी. सॅमन नदी ऑन्टारियो सरोवराला मिळते, सिरॅक्यूसपासून उत्तरेला गाडीने पाऊण तासावर. हिवाळ्यात लोक तिथे स्टीलहेडसाठी येतात. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, पण नदीत जन्मून मोठ्या पाण्यात वाढणारा आणि अंडी घालायला परत नदीत येणारा. मूळचा हा प्रशांत महासागराच्या किनाऱ्याचा. एकोणिसाव्या शतकात तो ग्रेट लेक्समध्ये आणून सोडला गेला, आणि आज इथल्या माशांचा मोठा भरणा आल्टमारच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रातून होतो. तो शरद ऋतूत नदीत शिरतो, हिवाळाभर तिथेच राहतो आणि वसंतात अंडी घालतो. म्हणून त्याच्या मागे लागायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल. ऐन हिवाळ्यात पाणी १ ते ४ अंश सेल्सिअस. हवा त्याहून कितीतरी खाली जाते. त्यात सरोवरावरून येणारा गार वारा ओल उचलतो आणि टग हिलच्या पठारावर बर्फ करून टाकतो. त्या पठाराच्या काही भागांत एका हिवाळ्यात पाच मीटरहून जास्त बर्फ पडतं. ही नदी त्याच पठारावरून खाली येते.

इतक्या गार पाण्यात मासाही सुस्तावतो. तो संथ, खोल डोहात बसून राहतो, चाऱ्यामागे धावत नाही. त्यामुळे तुम्हालाही एकाच जागी तासभर उभं राहून प्रवाहाची तीच रेघ पुन्हा पुन्हा विंचरावी लागते. स्कीइंग करणारा किंवा डोंगर चढणारा माणूस हालचालीने गरम राहतो. तुम्हाला ती सोय नाही.

आजोबांची घोंगडी आणि इरलं

आमचे आजोबा मावळातले. पावसात गुरांमागे जाताना घोंगडीची खोळ डोक्यावरून घेत. ती भिजायची, जड व्हायची, वास मारायची, पण आत ऊब राहायची. लोकर ओली झाली तरी दबून चोथा होत नाही, तिच्यात हवा राहते. भात लावणाऱ्या बायका मात्र इरलं घेत. इरलं उभ्या माणसाच्या फारसं कामाचं नाही. ते दिवसभर कमरेत वाकून काम करणाऱ्या पाठीच्या मापाचं आहे, हात मोकळे ठेवून पाठ कोरडी राहावी म्हणून.

जॅकेटच्या दुकानात शिरताना या दोनच गोष्टी बरोबर घेऊन जा. भिजल्यावर काय होईल? आणि माझं शरीर दिवसभर कोणत्या अवस्थेत असणार आहे? किती गरम वाटतंय हा प्रश्न तिसरा. स्थिर हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता साधारण पंचवीसपट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे नदीत थंडी वाजते ती बहुतेक वेळा ओलीमुळे. आणि ओल चार वाटांनी येते: आभाळातून, नदीतून, हातातल्या दोरीवरून आणि स्वतःच्या घामातून. पहिली वाट प्रत्येक कंपनी बंद करते. बाकीच्या तीन कुणी किती बंद केल्या आहेत यावर जॅकेटची किंमत ठरवा.

पायरी पहिली: आपला दिवस कसा जातो ते आधी पाहा

घरी बसून प्रामाणिकपणे उत्तर द्या. गाडी लावल्यापासून पाण्यापर्यंत किती चालता? पाच मिनिटं की पाऊण तास? दिवसभर एकाच डोहावर उभे राहता की जागा बदलत फिरता? की गाइडबरोबर ड्रिफ्ट बोटीत, म्हणजे प्रवाहाबरोबर सोडायच्या वल्ह्यांच्या होडीत, बसून जाता?

छातीपर्यंतचे वेडर्स (पाण्यात उतरायला घालायची जलरोधक विजार), जाड बूट आणि आत दोन-तीन थर घालून बर्फातून अर्धा तास चाललं की उणे दहातही घाम येतो. तो घाम आतल्या कपड्यांत मुरतो आणि पाण्यात उभं राहिल्यावर वीस मिनिटांत त्याचं बर्फ झाल्यासारखं वाटतं. नदीवर लोक दहा वाजता कुडकुडत असतात त्यातल्या निम्म्यांना थंडी सात वाजताच्या घामाने वाजत असते, हे माझं मत आहे आणि मी त्यावर पैज लावायला तयार आहे. बोटीत बसणाऱ्याचं उलट. तो चालत नाही, वल्ही गाइड मारतो, आणि वारा सरळ तोंडावर.

पायरी दुसरी: एकच जाड जॅकेट, की दोन वेगळे थर?

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, बाहेर जलरोधक कापड आणि आत ऊब देणारं भरण एकत्र शिवलेलं जॅकेट. इंग्रजीत ज्याला इन्सुलेटेड जॅकेट म्हणतात ते. दुसरा, नुसतं जलरोधक कवच, म्हणजे शेल, आणि त्याच्या आत घालायला वेगळं हलकं फुगीर जॅकेट.

चालत जाणाऱ्याने दुसरा मार्ग धरावा. चालताना फुगीर जॅकेट पिशवीत ठेवता येतं आणि डोहावर पोचल्यावर शेलच्या आत चढवता येतं. एप्रिलमध्ये, पावसात, नुसतं शेल चालतं. शिवाय एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. रात्री मोटेलमध्ये दोन पातळ कपडे सकाळपर्यंत वाळतात, पण एकजीव जाड जॅकेटची भिजलेली बाही वाळत नाही. दोन दिवसांची सहल असेल तर दुसरी सकाळ त्यावरच अवलंबून असते.

आणखी एक कारण जरा बारकाईचं आहे. जलरोधक कापडातला पातळ पडदा (मेंब्रेन) घामाची वाफ बाहेर सोडतो ते आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबाच्या फरकावर. जाड भरणाच्या जॅकेटमध्ये पडदा बाहेरच्या बाजूला, अंगापासून दूर, पार गारठलेला असतो. वाफ तिथे पोचेपर्यंत तिचं पाणी होतं आणि ते भरणातच अडकतं. संध्याकाळी जॅकेट आतून ओलं निघालं की आपण म्हणतो, गळतंय. बऱ्याचदा ते गळत नसतं.

मग एकजीव इन्सुलेटेड जॅकेट घ्यायचंच नाही का? घ्यावं, दोन परिस्थितींत. बोटीतून मासेमारी करत असाल तर, आणि गाडीपासून पाणी हाकेच्या अंतरावर असेल तर. कपडे काढ-घाल करायची गरजच नसते. गोठलेल्या बोटांनी पाऊस चालू असताना शेल काढून आत दुसरं जॅकेट चढवणं हा काय प्रसंग असतो ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. माझ्याकडे आता दोन्ही आहेत, पण एकच घ्यायचं तर मी शेल घेईन.

पायरी तिसरी: आत काय भरलंय

पिसं म्हणजे डाउन. वजनाच्या मानाने पिसांइतकी ऊब दुसरं काही देत नाही, पण ती सगळी ऊब त्यांच्या फुगण्यात असते. भिजली की ती बसतात आणि मग लवकर उठत नाहीत. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेली पिसंही मिळतात, तरी कमरेपर्यंत पाण्यात उभं राहायच्या कामाला मी ती घेणार नाही. काठावर जेवायला बसताना वरून घ्यायला एक पिसांचं जॅकेट गाडीत असावं, तेवढंच.

नदीसाठी कृत्रिम तंतूंचं भरण. यातलं सर्वात प्रसिद्ध प्रिमालॉफ्ट. आमच्याच न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इंटरनॅशनल कंपनीने १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी, ओल्यातही ऊब देणारा पिसांचा पर्याय म्हणून ते बनवलं. म्हणजे गरज घोंगडीचीच होती, वजन तेवढं कमी हवं होतं.

भरण किती आहे ते ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, एका चौरस मीटरला इतके ग्रॅम. शेलच्या आत घालायच्या वेगळ्या जॅकेटला ६० पुरेसं. एकजीव जॅकेटमध्ये धडाला १०० ते १३३ आणि बाह्यांना त्याहून कमी, ६० ते ८०, ही जुळणी मला योग्य वाटते. बाह्यांत धडाइतकंच भरण असेल तर काखेत घड्या पडतात आणि तिसऱ्या तासाला खांदा बोलायला लागतो. स्लीपिंग बॅगना तापमानाचं प्रमाणित मोजमाप असतं, जॅकेटना तसं सर्वमान्य नाही. तेव्हा टॅगवर ‘उणे वीसपर्यंत’ असं लिहिलेलं दिसलं तर ते कंपनीचं मत समजा.

पायरी चौथी: कापड, आणि टॅगवरचे आकडे

जलरोधक आणि तरीही श्वास घेणारं कापड ही कल्पना रुळवली गोर-टेक्सने. बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉनचा दांडा एका झटक्यात ताणला तेव्हा त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. आज प्रत्येक मोठ्या कंपनीचा स्वतःचा असा पडदा असतो आणि चांगल्या पडद्यांमधला फरक नदीवर फारसा जाणवत नाही. शिवण आणि चेन यांचा जाणवतो.

आकडा दिसेल १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत येत नाही, असा त्याचा अर्थ. पावसाला १०,००० पुरतात. पण तुम्ही ओल्या ओंडक्यावर टेकता, खांद्यावर पिशवीचा पट्टा दाबतो, कोपर पाण्यात बुडतं. दाब पडतो तिथे कमी आकड्याचं कापड पाझरतं. १५,००० ते २०,००० घ्या. श्वास घेण्याचा आकडा वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

शेल घेणार असाल तर तीन थरांचं, ज्यात बाहेरचं कापड, पडदा आणि आतलं अस्तर एकत्र चिकटवलेलं असतं. ते टिकतं आणि अंगाला चिकचिकत नाही. अडीच थरांचं हलकं आणि स्वस्त असतं, पण गिर्यारोहकाच्या पिशवीत राहण्यासाठी ठीक. काटेरी झुडपांतून नदीपर्यंत जाणाऱ्याला ते एका हंगामात दगा देतं. एकजीव इन्सुलेटेड जॅकेट मात्र बहुधा दोन थरांचंच असतं, आत अस्तर सुटं. त्याबद्दल तक्रार नको.

शिवणींवर आतून पट्टी लावलेली असते. सगळ्या शिवणींवर आहे की फक्त खांदा-डोकं अशा मोक्याच्या ठिकाणी, हे विचारा. सगळ्यांवर हवी.

पायरी पाचवी: बाहीचं टोक

बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. मला दुसऱ्याचं जॅकेट पाहायला मिळालं की मी आधी त्याचं मनगट पाहतो.

रॉड, म्हणजे गळाची काठी, धरलेला हात वर जातो तसं पाणी मनगटावरून कोपराकडे उतरतं. दुसरा हात ओली दोरी बोटांमधून खेचतो, दर खेचीला थोडं पाणी तळहातावर आणतो. मासा लागला तर त्याला धरायला, गळ काढायला आणि पुन्हा सोडायला दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात घालावे लागतात. डोंगरावर फिरायच्या जॅकेटची बाही यातल्या कशासाठीच बनवलेली नसते. नुसतं वेल्क्रो कितीही आवळलं तरी त्यात एक घडी राहते, आणि पाण्याला तेवढी घडी पुरते.

हवं ते दुहेरी मनगट. आत मनगटाला घट्ट बसणारी, ताणली जाणारी जलरोधक पट्टी आणि तिच्यावर बाहेरची बाही वेल्क्रोने आवळलेली. काही जॅकेटना निओप्रीनची, म्हणजे फोमसारख्या रबराची, पट्टी असते. ती पाणी छान अडवते, पण स्वतः भिजून राहते आणि त्या गार ओल्या कड्याने मनगटाची नस गारठते. पातळ, रबरी लेपाची पट्टी मला जास्त आवडते. दुकानात दोन्ही घालून मूठ उघड-मीट करून पाहा. बोटांना मुंग्या आल्या तर ती पट्टी दिवसभर चालणार नाही.

वेल्क्रोचं टोक बाहेर आलेलं नको. उजव्या हाताने दोरी फेकताना डाव्या हातातले सैल वेढे त्या टोकात अडकतात, आणि ते अडकण्याची वेळ नेहमी मासा धावत सुटल्याचीच असते. पट्टी वळून खाली दबलेली हवी. हेच हूडच्या लोंबत्या दोऱ्यांबद्दल, छातीवरच्या लूपबद्दल, मोठ्या बटणांबद्दल. दोरीला अडकायला निमित्त लागत नाही.

आणि यात जॅकेटचा दोष नसलेली एक चूक. आतल्या लोकरी बनियनची बाही जॅकेटच्या बाहीबाहेर डोकावत असेल तर ती वातीचं काम करते. समईत वात तेल ओढते तशी ती पाणी ओढून कोपरापर्यंत नेते. मासा काठाजवळ आला की हात पाण्यात घालण्याआधी आतल्या बाह्या कोपरापर्यंत सारा. मी तर नदीसाठीच्या दोन बनियनांच्या बाह्या कापूनच टाकल्या. बायको अजून त्याबद्दल बोलते.

पायरी सहावी: लांबी, हूड, खिसे, चेन

लांबी कमरेच्या जराशी खाली, बस्स. वेडर्स छातीपर्यंत असल्याने खालचं अंग त्यांनी झाकलेलंच असतं. जॅकेट वेडर्सच्या बाहेरून घाला, म्हणजे पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळतो. आत खोचलं तर तोच पाऊस वेडर्समध्ये. घेराला आवळायची दोरी हवी आणि तिची गाठ आत लपलेली हवी.

हूड टोपीच्या झडपेवरून आरामात यायला हवं. हूड डोक्यावर घेऊन मान डावी-उजवीकडे वळवा. हूड बरोबर वळलं तर ठीक. मान वळली आणि डोळ्यांसमोर अस्तर आलं तर ते जॅकेट परत टांगा, कारण प्रवाहात चालताना बाजूने वाहत येणारा ओंडका दिसणं गरजेचं आहे. गळपट्टी हनुवटीपर्यंत यावी, पण नाकाकडे उघडी. नाहीतर प्रत्येक श्वास पोलराइज्ड चष्म्यावर धुकं करतो आणि पाण्याखालचं काही दिसत नाही.

हात गरम करायचे खिसे छातीच्या उंचीवर हवेत, आत मऊ लोकरी अस्तराचे. कमरेजवळचे खिसे पाण्यात बुडतात. गळाच्या माश्या (फ्लाय) ठेवायच्या डब्यांसाठी दोन मोठे खिसे. त्याहून जास्त खिसे म्हणजे जास्त चेनी आणि चेनी म्हणजे गळतीच्या जागा. आत एक कोरडा खिसा फोनसाठी. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, म्हणून अंगाजवळचा.

चेन मोठ्या दातांची, वर झाकणारी पट्टी असलेली. बारीक, रबरी लेपाच्या चेनी दिसतात छान, पण गारठ्यात ताठरतात. चेनीची दोरी हातमोज्यातून धरता येईल एवढी लांब हवी. पाठीवर मानेखाली मासा उचलायची जाळी अडकवायची कडी असेल तर उत्तम. रंगाबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात. राखाडी किंवा मातकट घ्या आणि विषय संपवा. शिकारीच्या हंगामात जंगलातून नदीपर्यंत जात असाल तर डोक्यावर भडक केशरी टोपी असू द्या.

पायरी सातवी: दुकानात

जाड बनियन, लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि शक्य असेल तर वेडर्स घेऊन जा. लाजू नका. हे सगळं घालून जॅकेट चढवा आणि आरशाकडे पाठ करा. दोन्ही हात डोक्यावर न्या. कंबर उघडी पडली का? मनगट बाहेर आलं का? रॉड फेकल्यासारखा हात वीस वेळा मागे-पुढे करा. खांद्यात ओढ लागत असेल तर एक माप मोठं घ्या, किंवा दुसरी कंपनी पाहा. काखेखाली वेगळा तुकडा जोडलेली, कोपरात मुळातच वाकवलेली बाही असेल तर हा त्रास होत नाही. मग खाली वाका, हात गुडघ्यापर्यंत न्या, जणू मासा सोडताय. पोटात भरणाचा गठ्ठा टोचायला नको.

बोटीतून जाणाऱ्यांनी लाइफ जॅकेट वरून घालून पाहावं. न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांहून लहान बोटीत प्रत्येकाने ते अंगात घालणं कायद्याने बंधनकारक आहे. खालचं जॅकेट एवढं जाड असेल की लाइफ जॅकेटचे पट्टे लागतच नाहीत, तर ते उपयोगाचं नाही.

इथे एक महत्त्वाचं. मासेमारीचं जॅकेट कितीही महाग घेतलं तरी पाण्यात पडल्यावर ते वाचवत नाही. गार पाण्यात पडलेल्यासाठी मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी रुळवलेलं सूत्र इथे सगळे शिकतात: १-१०-१. धाप आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध जायला सुमारे एक तास. म्हणून वेडर्सचा पट्टा कमरेला घट्ट बांधलेला, आणि कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड गाडीत. जॅकेटच्या बजेटमधून शंभर डॉलर कमी करून प्रवाहात टेकत चालायला चांगली काठी घ्या.

पायरी आठवी: टॅग कापायच्या आधी

न्हाणीघरात जॅकेट घालून शॉवरखाली उभे राहा. बाह्यांत कोपरापर्यंत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, आणखी एक गळ्याशी. पाच मिनिटं हात वर करून, पाच मिनिटं खाली. मग सिंकमध्ये पाणी भरून दोन्ही मनगटं बुडवा आणि बोटं हलवा. टिश्यू कुठे भिजला ते पाहा. ओलं झालेलं जॅकेट परत घेतात की नाही, हे विकत घेतानाच विचारून ठेवा. घरातली मुलं हा प्रकार पाहून फोटो काढतील, काढू द्या.

पैशाचं गणित

नावाजलेल्या कंपन्यांची वरच्या वर्गातली, पाण्यात उतरायची (वेडिंग) जॅकेटं पाचशे ते सातशे डॉलरच्या घरात जातात. दरवर्षी चार-पाचच दिवस जाणाऱ्याने तेवढे घालू नयेत. मागच्या हंगामाचा रंग उन्हाळ्यात उतरत्या भावात मिळतो आणि माशाला फॅशन कळत नाही. पैसे कमी असतील तर शेलवर खर्च करा आणि आतलं फुगीर जॅकेट साधं, कुठल्याही मोठ्या दुकानातलं घ्या. ते बाहेर कुणाला दिसत नाही आणि त्याचं काम सोपं आहे. वापरलेलं घ्यायचं असेल तर आतल्या शिवणींवरच्या पट्ट्या नखाने हलकेच उचलून पाहा. सुटत असतील तर सोडून द्या. मनगटाची पट्टी ताणून पाहा, तडे दिसले तर भाव करा.

धुणं, वाळवणं

हे लोक टाळतात आणि मग जॅकेटला दोष देतात. बाहेरच्या कापडावर पाण्याचे मोती होऊन घरंगळायला हवेत. तसं न होता कापड गडद होऊन भिजायला लागलं की आतला पडदा शाबूत असला तरी घामाची वाफ बाहेर पडत नाही आणि आत ओल धरते. हा बाहेरचा लेप मळाने, तेलाने, सनस्क्रीनने निकामी होतो. त्यातून १ जानेवारी २०२५ पासून न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात नव्या कपड्यांत पीएफएएस, म्हणजे जुन्या लेपांतली पाणी आणि तेल झटकणारी, रसायनं मुद्दाम वापरायला बंदी आली आहे. फक्त मुसळधार पावसासाठी खास बनवलेल्या कपड्यांना थोडी जास्त मुदत आहे. नवे लेप पाणी झटकतात, पण तेलकट मळ पूर्वीइतका झटकत नाहीत. म्हणून नवं जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं.

हंगामात दोन-तीनदा, जलरोधक कपड्यांसाठीच्या खास द्रवाने, सगळ्या चेनी आणि वेल्क्रो लावून, कोमट पाण्यात मशीनमध्ये धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, ब्लीच नको. दोनदा खळबळा. मग टॅगवर मनाई नसेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वाळवा आणि वाळल्यावरही वीस मिनिटं फिरू द्या. त्या उष्णतेनेच लेप पुन्हा जागा होतो. तरीही मोती होत नसतील तेव्हाच फवारायचा नवा लेप विकत घ्या. उन्हाळ्यात जॅकेट दाबून पेटीत भरू नका, हँगरला टांगा. कृत्रिम भरणही महिनोन्‌महिने दाबून ठेवलं की बसतं.

नदीवरून घरी यायला रात्र होते, हात दुखत असतात, आणि जॅकेट गाडीच्या डिकीतच राहून जातं. तसं ठेवू नका. मनगटाच्या दोन्ही पट्ट्या उलट्या करून, खिसे बाहेर काढून, ते न्हाणीघरात टांगून मगच झोपा.